बेरिंगची गाडी : एक हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने करवत आणि रंधा हाती का घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. सहा वर्षांच्या माझ्या भाच्याला बेरिंगची गाडी हवी होती आणि घरात रिकामे हात फक्त माझेच होते. पण गाडी तयार होता होता माझ्या ध्यानात आले, की वर्गात आपण जमा-खर्च, तरतूद, घसारा हे जे शब्द घोकतो, ते या चार चाकांच्या फळकुटात जितके स्वच्छ दिसतात तितके पाठ्यपुस्तकातही दिसत नाहीत. म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी लहान भावंड वा भाचरू आहे, त्यांनी तो कृतीसाठी वाचावा. इतरांनी हिशेबासाठी वाचला तरी चालेल.

गाडीचे कुळ

बेरिंगची गाडी आपल्या गावाला नवी नाही. ज्या गावात ओतशाळा आहेत, यंत्रांचे सुटे भाग बनविणारे कारखाने आहेत, गल्लोगल्ली गॅरेज आहेत, त्या गावात जुनी बेरिंगे भंगारात निघणारच; आणि जेथे जुनी बेरिंगे निघतात तेथे पोरे त्यांची गाडी करणारच. उद्यमबागेतून वा गॅरेजमधून मिळालेली तीन-चार बेरिंगे, एक फळी आणि एक दोरी एवढ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांचे बालपण उतारावरून घरंगळले आहे.

बेरिंगचे गाडीशी नाते जुने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वेल्समधील कारमार्थेन येथील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदाराने १७९४ साली गोळ्यांच्या बेरिंगचे पेटंट घेतले, ते घोडागाडीच्या आसासाठी. म्हणजे भंगारातून काढलेले बेरिंग गाडीला लावणारा मुलगा त्याला त्याच्या जुन्या कामावर परत नेतो, असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत डेटन शहरी १९३३ साली मायरन स्कॉट या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने घरी बनविलेल्या गाड्या उतारावरून सोडणारी मुले पाहिली आणि त्यांची शर्यत भरविली. १९३४ पासून ती शर्यत राष्ट्रीय झाली व १९३५ मध्ये अ‍ॅक्रनला गेली. पुढे १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन अशाच बुटक्या सांगाड्यावर बसविले आणि 'गो-कार्ट' जन्मली. आपल्या गाडीला इंजिन नाही. तिचे इंजिन म्हणजे उतार. हे इंजिन फुकट आहे, मात्र ते बंद करण्याचे बटण त्याला नाही. या लेखाचा सारा विषय या एका वाक्यात आहे.

आधी थांबणे, मग धावणे

पुस्तपालनात सावधगिरीचा एक संकेत आपण शिकतो. अपेक्षित नफा हाती येईपर्यंत धरू नये, पण संभाव्य तोट्याची तरतूद मात्र आधीच करून ठेवावी. गाडी बांधताना याचा अर्थ असा, की ब्रेक हा गाडीचा शेवटचा भाग नसून पहिला भाग आहे.

माझ्या पाहण्यातील बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो. चपलेची टाच हाच ब्रेक. यामागे निष्काळजीपणा असतोच असे नाही. कारण व्यावहारिक आहे. ब्रेकच्या दांड्यांसाठी बैठकीच्या फळीला आधीच भोके पाडावी लागतात, मागच्या आसापुढे चार इंच जागा राखून ठेवावी लागते. फळ्या ठोकून झाल्यावर ही जागा उरत नाही. शिवाय चाके एकदा फिरू लागली, की मूल ब्रेकसाठी थांबत नाही. 'आज खेळू दे, ब्रेक उद्या लाव' असे ते म्हणते आणि आपण ऐकतो. तो 'उद्या' मग उजाडत नाही. म्हणून ब्रेक जोडल्याशिवाय चाके आसावर चढवायची नाहीत, हा नियम मी पहिल्या दिवशीच करून टाकला. ज्या मिस्त्रींकडून मी बेरिंगे आणली, त्यांनीही पैसे घेता घेता हेच सांगितले, "पळवतंय कोण बी. थांबवायचं कसं, ते आधी बघ."

साहित्य

बेरिंगे चार, एकाच आकाराची. प्रत्येक बेरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, तो वाचायला शिकावे. मी घेतलेल्यांवर ६३०५ असा आकडा होता. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले, की आतील भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. हा नियम ०४ पासून पुढे लागू पडतो. ६३०५ चा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच इंच, आणि रुंदी १७ मिलिमीटर. मोटारसायकलच्या चाकातून निघणारी लहान बेरिंगे या कामी घेऊ नयेत. ती जमिनीतल्या बारीक फटीतही अडकतात. बेरिंग कानाजवळ धरून फिरवावे. सारखी घरघर आली तर ठीक. मध्येच 'कट्' असा आवाज आला तर आतील गोळी वा तिची वाट खराब झाली आहे, ते परत करावे. बेरिंग डिझेलने धुऊन, पुसून, किंचित ग्रीस भरावे. तेल ओतू नये. तेलाला धूळ चिकटते.

लाकूड म्हणाल तर तीन तुकडे. मधली फळी तीन फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड. बैठकीची फळी सव्वा फूट रुंद व एक फूट खोल. आणि आसासाठी दोन इंच बाय दोन इंचाचे, दोन-दोन फुटांचे दोन दांडे. फळ्या कसल्याही चालतात, पॅकिंगच्या खोक्याच्याही. आसाच्या दांड्यांना मात्र टणक, सरळ रेषांचे आणि बिनगाठीचे लाकूड पाहिजे. आमच्या सुतारकाकांकडे चौकटीतून उरलेले ऐनाचे तुकडे मिळाले. आमच्या कन्नड विभागातील मित्र याच झाडाला 'मत्ती' म्हणतात. लाकूड चांगले वाळलेले असावे. आपल्याकडच्या पावसात ओले लाकूड फुगलेले असते. उन्हाळ्यात ते आकसले, की बेरिंग आसावर सैल होते.

याशिवाय चार सूत जाडीचा, चार इंच लांबीचा एक बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानात 'चार सुती' म्हटले की अर्ध्या इंचाचा बोल्ट मिळतो, कारण इंचाचे सूत आठ. त्याला दोन नट आणि तीन मोठे वायसर. ब्रेकसाठी तीन सूत जाडीचे दोन बोल्ट, स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी, स्क्रू आणि सहा हात दोरी. हत्यारे म्हणजे करवत, पटाशी, कानस, गिरमिट, हातोडी आणि पाना. ही घरात नसली तर शेजारी असतात.

बांधणी

पहिले काम आसाची टोके कोरण्याचे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बेरिंगची त्रिज्या ३१ मिलिमीटर आणि दांड्याची अर्धी जाडी २५ मिलिमीटर. टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर कोरले तर दांड्याखाली जमिनीपासून जेमतेम सहा मिलिमीटर जागा राहते आणि पहिल्याच खड्यावर गाडी अडते. म्हणून २५ मिलिमीटरचे वर्तुळ दांड्याच्या टोकावर मध्यभागी न काढता खालच्या कडेला टेकवून काढावे. मग दांडा जमिनीपासून १८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा सूत वर राहतो. टोकाची लांबी सव्वा इंच. करवतीने खाच घ्यावी, पटाशीने तासावे, कानशीने गोल करावे आणि सारखे बेरिंग लावून पाहावे. ते हाताने अर्धे चढले, की कानस थांबवावी. उरलेले ठोकून चढवायचे आहे.

ठोकताना हातोडी बेरिंगच्या बाहेरच्या कड्यावर कधीही मारू नये. हे पोलाद टणक असते, म्हणूनच ठिसूळही असते; त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. आतल्या कड्याएवढा पाइपचा तुकडा घेऊन त्याच्यावर हळूहळू ठोकावे. बेरिंग बसल्यावर बाहेरून वायसर आणि टोकात आरपार खुंटी, म्हणजे ते निसटणार नाही. ही कृती येथे वाचून ठेवावी. ती करायची मात्र ब्रेक तयार झाल्यावर.

मागचा आस मधल्या फळीला खालून स्क्रूंनी पक्का करावा. पुढचा आस एकाच चार सुती बोल्टावर फिरता ठेवावा. बोल्टचे डोके खालच्या बाजूला, लाकडात खाच करून बुडवावे, नट वर. उलट केले तर नट जमिनीला घासतात. आस आणि फळी यांच्यामध्ये एक वायसर, त्याला थोडे ग्रीस. वर दोन नट एकावर एक कसावेत, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाहीत. त्यांवर रबराचा तुकडा बसवावा, नाहीतर मुलाची पोटरी सोलते.

दोन्ही आसांतील अंतर अडीच फूट ठेवले आणि पुढच्या आसाला दोन्हीकडे वीस अंशांपलीकडे वळू न देणारे दोन ठोकळे फळीखाली मारले, तर गाडी साधारण दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळते. अंगणाला तेवढे पुरे. ठोकळे नसतील तर आस गर्रकन आडवा होतो आणि गाडी कोलांटी खाते. पुढचा आस मुलाने दोन्ही पायांनी वळवायचा. आसाला बांधलेली दोरी बैलाच्या कासऱ्यासारखी त्याच्या हाती द्यायची. उजवीकडे ओढले की गाडी उजवीकडे. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. आपली चारही बेरिंगे आपापली फिरतात, त्यामुळे मोटारीत या कामासाठी जी दातेरी यंत्रणा लागते ती येथे आपोआप साधते.

ब्रेक

बैठकीच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा, प्रत्येकी सोळा इंचांचा. वरून बारा इंचांवर भोक पाडून तो तीन सुती बोल्टाने बैठकीच्या कडेला अडकवायचा. खाली उरले चार इंच. दोन्ही दांड्यांची खालची टोके एका आडव्या पट्टीने जोडायची आणि त्या पट्टीला खालून टायरचा तुकडा, नक्षी जमिनीकडे करून, स्क्रूंनी बसवायचा. कोणत्याही एका हाताने दांडा ओढला तरी पूर्ण पट्टी जमिनीवर दाबली जाते. एकाच बाजूचा ब्रेक असेल तर गाडी त्या बाजूला खेचली जाते, म्हणून ही आडवी पट्टी.

बारा इंच वर, चार इंच खाली. शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने मुलाने पाच किलोचा जोर लावला, तर जमिनीवर पंधरा किलोचा दाब पडतो. सहा वर्षांच्या मुलाला पाच किलोची ओढ जमते.

दांड्याची दिशा सर्वांत महत्त्वाची. मोकळ्या स्थितीत मूठ पुढे झुकलेली आणि रबर मागे, जमिनीपासून वर उचललेले असावे. मूठ स्वतःकडे ओढली, की रबर खाली येऊन जमिनीला टेकते, आणि टेकल्यावरही ते बोल्टच्या किंचित मागेच राहते. ते पुढे गेले तर जमीनच त्याला आणखी दाबते, दांडा काठीसारखा रुततो, गाडी जागच्या जागी थबकते आणि मूल पुढे फेकले जाते. रबर मागे राहिले तर मुलाने हात सोडताच जमीनच त्याला मोकळे करते. ट्यूबची पट्टी त्याला वर ओढून धरते.

उताराचा जमा-खर्च

आता आमच्या शाखेचे काम. मुलाला बसविण्यापूर्वी गाडीवर वाळूचे वीस किलोंचे पोते ठेवले. गाडीचे स्वतःचे वजन दहा किलो, एकूण तीस. सपाट सिमेंटवर ती ताणकाट्याने सावकाश ओढली, तर काटा पाऊण किलो दाखवी. मग ब्रेकची मूठ पाच किलोंच्या ओढीने दोरीने बांधून टाकली आणि पुन्हा ओढली. आता काटा नऊ किलो दाखवू लागला.

या दोन आकड्यांवर सगळा हिशेब उभा राहतो. तीस किलोंची गाडी अर्धा मीटर उंचीवरून खाली आली, की तिच्या खात्यात तीस गुणिले अर्धा, म्हणजे पंधरा एकके जमा होतात. उतार लांब आहे की आखूड, याच्याशी या जमेचा संबंध नाही; फक्त उंचीशी आहे. सपाटीवर आल्यावर ती दर मीटरला पाऊण एकक खर्च करते. पंधराला पाऊणने भागा : वीस मीटर. ब्रेकशिवाय गाडी सपाटीवर वीस मीटर जाईल. ब्रेक ओढला तर ती दर मीटरला नऊ एकके खर्च करते. पंधराला नवाने भागा : पावणेदोन मीटरांच्या आत खाते बंद. उतारावर वाटेत होणारा किरकोळ खर्च मी धरलेला नाही. सावधगिरीच्या संकेताप्रमाणे तो सोडून देणेच बरे.

वीस मीटर आणि पावणेदोन मीटर. आपल्या गल्ल्यांत उतार संपतो तेथे वीस मीटरांच्या आत काय काय असते, ते प्रत्येकाने आठवून पाहावे. रस्ता असतो, उघडे गटार असते, स्कूटर असते. ब्रेक गाडीला एक इंचही पुढे नेत नाही. गाडीच्या हिशेबात तो निव्वळ खर्च दिसतो. पण या दोन आकड्यांतले अठरा मीटर हे त्याचे उत्पन्न आहे, आणि ते उत्पन्न कोणत्याही पत्रकात दिसत नाही, कारण जे घडले नाही त्याची नोंद आपण करीत नाही.

याच खात्यावरून आणखी तीन नियम निघतात. पहिला, उताराची उंची अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. ती मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. अर्ध्या मीटरवरून येणारी गाडी सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर वेग घेते. एक मीटरवरून तीच ताशी १६ किलोमीटर होते. दुसरा नियम, गाडीवर एकच मूल. दोघे बसले तर वजन पन्नास किलो, जमा पंचवीस एकके, आणि थांबायला पावणेदोनऐवजी पावणेतीन मीटर. तिसरा, ब्रेक ओढायचे मुलाच्या मनात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी तीन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून उताराच्या पायथ्याशी निदान दहा मीटर मोकळी, भिंत-खांब नसलेली सपाटी हवी आणि तेथे एक मोठे माणूस उभे हवे.

हे सगळे वाहत्या रस्त्यावर जुळत नाही, कधीही जुळणार नाही. सुटीच्या दिवशी शाळेचे वा देवळाचे फरसबंद आवार, आधी विचारून, हीच जागा.

खर्चपत्रक

बेरिंगे चार, प्रत्येकी ३० रुपये, एकूण १२० रुपये. बोल्ट, नट, वायसर, स्क्रू ११० रुपये. दोरी व ग्रीस ५० रुपये. रंग ६० रुपये. सुतारकाकांनी फळ्या रंधून दिल्या त्याचे १०० रुपये. लाकडाचे त्यांनी काही घेतले नाही. बेरीज ४४० रुपये. ब्रेकचा वेगळा खर्च ६५ रुपये. एकूण गाडी ५०५ रुपयांची.

त्यानंतर लहान मुलाचे सायकलचे हेल्मेट : ६५० रुपये.

हा आकडा पाहून घरात चर्चा झाली. गाडी पाचशेची आणि टोपी साडेसहाशेची, हे कुठले शहाणपण, असा सूर निघाला. मी उत्तर असे दिले, की हेल्मेटची किंमत गाडीशी ताडून पाहायची नसते. ते ज्याचे रक्षण करते त्याच्याशी ताडायची असते. विमा उतरवताना आपण मालाची किंमत पाहतो, तो माल वाहणाऱ्या पोत्याची नव्हे. हेल्मेट आणले. बुटांशिवाय गाडीवर बसायचे नाही, हा नियमही त्याच चर्चेत मंजूर झाला. त्याला खर्च नव्हता, त्यामुळे विरोधही झाला नाही.

माझी मजुरी, तीन रविवार मिळून पंधरा तास, मी पत्रकात धरलेली नाही. परिव्ययशास्त्र म्हणेल की तीही धरायला हवी, निदान आरोपित खर्च म्हणून. प्राध्यापकांनी गुण कापले तरी चालतील.

घसाऱ्याचा विचार मात्र केला आहे. या मालमत्तेचे आयुष्य तिच्या झिजेवर ठरत नाही. मुलाच्या पायांच्या लांबीवर ठरते. गाडी शाबूत असते आणि गुडघे हनुवटीला लागू लागतात. म्हणून मधल्या फळीच्या पुढच्या टोकाला बोल्टासाठी एकाऐवजी तीन भोके, दोन-दोन इंचांवर पाडून ठेवली. दर वर्षी आस एक भोक पुढे सरकवायचा आणि वळणाचे ठोकळेही त्याबरोबर हलवायचे. गाडीचे आयुष्य असे दोन वर्षांनी वाढते. शेवटी भंगार मूल्य म्हणून बेरिंगे उरतातच. ती पुन्हा मिस्त्रींकडे जातील किंवा दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतील.

नाव

गाडीला नाव हवे, असा हट्ट माझ्या भाच्याने धरला. शेजारची सात वर्षांची मुलगी या कामात पहिल्या दिवसापासून होती. तिचे घर कन्नड बोलणारे. मला ती अक्का म्हणते. ती उतारावर बसली, की तिची आई दारातून एकच शब्द ओरडे : "निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, दमाने. आपल्या रस्त्यांवरील पाट्यांवरही 'निधानवागि चलिसि' असे लिहिलेले आपण रोज वाचतो, आणि 'निधानवे प्रधान' ही म्हण तर कन्नड घरांत लहानपणापासून कानी पडते. माझ्या भाच्याला तो शब्द मराठी वाटला. त्याची आजी त्याला लाडाने 'माझं निधान' म्हणते. निधान म्हणजे ठेवा. दोघांना एकाच शब्दात दोन वेगळे अर्थ ऐकू येत होते आणि दोघेही आपापल्या अर्थावर खूश होते. तेव्हा बैठकीच्या मागे पांढऱ्या रंगाने एका बाजूला देवनागरीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत 'निधान' असे लिहून टाकले. एकाच नामफलकात ठेव आणि तिची खबरदारी, दोन्ही आली.

करू इच्छिणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुटीत ज्यांना ही गाडी करायची असेल, त्यांनी कामाचा क्रम असा ठेवावा. आधी जागा पाहावी आणि तिची उंची मोजावी. जागा नसेल तर गाडी करू नये. दोरीने ओढायची गाडीही मुलाला पुष्कळ आनंद देते. मग हेल्मेट आणावे. मग ब्रेकचे दांडे, मग फळ्या, मग आस आणि सर्वांत शेवटी बेरिंगे. तयार गाडीवर वाळूचे पोते ठेवून ताणकाट्याने दोन्ही आकडे काढावेत आणि ते फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावेत. दर महिन्याला पुन्हा मोजावे. ब्रेकचा आकडा सहा किलोंच्या खाली आला, तर रबर झिजले आहे असे समजून बदलावे. किंगबोल्टचे नट मात्र रोज खेळण्यापूर्वी पान्याने तपासावेत, आणि हे काम मुलाकडूनच करवून घ्यावे. माझा भाचा आता ते न सांगता करतो. नट तपासल्यावर तो बैठकीवर बसून ब्रेक तीनदा ओढून पाहतो, आणि मगच पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारतो.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांपैकी कुणी याहून चांगला ब्रेक केला असेल, तर त्याने पुढील अंकात अवश्य लिहावे. तो मी जुन्याच्या जागी बसवीन, आणि खर्च गाडीच्या खात्यावर टाकीन.